'लाइन' : पुढचं क्रियापद सांगेल तो अर्थ

अर्थछटा (धागाकर्ता)

मराठीत रोजच्या बोलण्यात आलेल्या इंग्रजी शब्दांपैकी सर्वांत जास्त कामं कुठला शब्द करतो? माझं मत 'लाइन'ला. कोशात याच्यापुढे रेषा, ओळ, रांग असे तीन-चार प्रतिशब्द सापडतात आणि विषय संपतो. मुंबईत मात्र हा शब्द पाण्याच्या नळाशी, विजेच्या बोर्डाशी, लोकलमध्ये, मैदानावर, बांधकामावर आणि देवाच्या दारात वेगवेगळा चालतो. तरी ऐकणाऱ्याचा कधी घोटाळा होत नाही. तो का होत नाही, हे शोधायला हा धागा.

माझं निरीक्षण असं. नुसत्या 'लाइन'ला मराठीत जवळजवळ अर्थच नाही. अर्थ ठरवतं पुढचं क्रियापद.

लाइन लावली म्हणजे रांगेत जागा धरली. लाइन लागली म्हणजे रांग तयार झाली, पण बोलणं फोनचं असेल तर पलीकडे जोडणी झाली. वहीत लाइन मारली तर पट्टीने रेघ, आणि कुणावर मारली तर काय ते सांगायला नको. लाइन टाकली म्हणजे पाइप किंवा केबल अंथरली. पेपरविक्रेत्याने टाकली तर ठरलेल्या घरांत पेपर पोचवले. लाइन तोडली म्हणजे रांगेत मधेच घुसला, किंवा जोडणी कापली. लाइन सोडली म्हणजे तो धंदा सोडला. लाइन पकडली म्हणजे धंदा धरला, पण रेल्वेच्या संदर्भात गाडी पकडतात, लाइन नाही.

तितकंच काम विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं करतात. 'तो लाइनीत आहे' : रांगेत उभा आहे. 'तो लाइनवर आहे' : फोनवर आहे. 'तो लाइनवर आला' : सुधारला. 'तो लाइनला आहे' म्हटलं की वाक्य अपुरं वाटतं, समोरचा लगेच विचारतो, कुठल्या? उत्तर 'सेंट्रल' असेल तर तो पत्ता झाला, 'मेडिकल' असेल तर शिक्षण किंवा पोटापाण्याचा उद्योग. 'आहे'च्या जागी 'आला' घातला की फोनवरचा माणूस सुधारलेला माणूस होतो, हे मला या शब्दाचं सर्वांत सुंदर काम वाटतं.

आता मूळ. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस, आपण ज्याची चटणी करतो ते. जवसाच्या खोडातून वाख निघतो, त्याचा धागा काढतात. त्या धाग्याची दोरी ती 'लिनिया', तिच्यापासून 'लाइन'. लिनन कापड त्याच घरातलं. म्हणजे लाइन आधी दोरी होती, रेघ नंतर झाली, कारण सरळ रेघ आखायला ताणलेली दोरीच लागायची.

हा प्रवास आपल्याकडेही झालेला आहे. आपलं 'सूत' घ्या. सूत्र म्हणजे धागा. सूत्र धरून लाकडावर आखणी करणारा तो सूत्रधार, त्याचा झाला सुतार. 'सुतासारखा सरळ केला' आणि 'लाइनवर आणला' यांत फरक नाही. 'त्यांचं सूत जमलं' आणि कॉलेजच्या कट्ट्यावरचं 'लाइन जुळली' हेही एकच. इंग्रजी शब्द मराठीत इतका खोल रुजला त्याचं कारण मला हेच दिसतं : त्याच्यासाठी जागा आधीच तयार होती.

आपापल्या कामातली 'लाइन' लिहा. नुसता अर्थ नको, ती लाइन कशी धरतात, कुठे चुकते, तेही लिहा.

---

ओळंबा

मग दोरीपासूनच सुरू करतो, कारण बांधकामावर ती अजून दोरीच आहे. साइटवर दोन वेगळे शब्द आहेत, त्यांची गल्लत होते.

'लाइन आउट' म्हणजे नकाशावरची इमारत जमिनीवर उतरवणं. आधी एका भिंतीची मध्यरेषा, म्हणजे सेंटर लाइन, दोरीने पक्की करायची. तिला काटकोनात दुसरी. काटकोन ३-४-५ने काढतात : एका दोरीवर कोपऱ्यापासून ३ फूट, दुसरीवर ४ फूट, या दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं पाहिजे. मोठ्या आखणीला ३-४-५ पुरत नाही. तीन फुटांवर सुताभराची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चूक असली तर तीस फुटांवर ती दहा सूत होते. म्हणून ९-१२-१५ घ्यावं, जितका मोठा त्रिकोण तितकं बरं. चौकोन पूर्ण झाला की दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखे आले तरच पुढे जायचं. फक्त चार बाजू मोजून थांबलात तर चौकोन तिरका असूनही मापं बरोबर येतील.

फक्की मारली, म्हणजे चुन्याच्या पुडीने जमिनीवर रेघ आखली, की काम झालं असं समजू नये. खोदकाम सुरू झालं की फक्की मातीबरोबर जाते. म्हणून खड्ड्याच्या बाहेर, खोदणाऱ्याचा पाय लागणार नाही इतक्या अंतरावर बुर्जी, म्हणजे विटांचा छोटा खांब, बांधतात, तिच्या माथ्यावर सिमेंटमध्ये सेंटर लाइनचा खिळा. पुढे प्रत्येक टप्प्याला समोरासमोरच्या खिळ्यांमध्ये दोरी ताणायची आणि ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) सोडून ती रेषा खाली उतरवायची.

दुसरी ती 'लाइनदोरी', विटांच्या थराची. आधी दोन्ही कोपरे ओळंब्यात चढवायचे, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी, आणि वीट त्या दोरीने. इथे सर्वांत मोठी चूक म्हणजे वीट दोरीला टेकवणं. एक वीट टेकली की दोरी केसभर बाहेर ढकलली जाते, पुढची वीट त्या ढकललेल्या दोरीने बसते, ती आणखी ढकलते. चार-पाच थरांनंतर भिंतीला पोट आलेलं दिसतं आणि दोरी तर सरळ होती, असं सगळे म्हणतात. वीट आणि दोरी यांच्यात अर्धा सूत उजेड दिसला पाहिजे. (अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास.) लांब भिंतीला दोरी मध्ये झोल खाते, तिथे थराच्या उंचीला एक वीट बसवून दोरीला टेकू द्यावा. सुती दोरी ओली-सुकी झाली की तिचा ताण बदलतो, नायलॉनची ताणत जाते. दोन्ही मधूनमधून पुन्हा आवळाव्या लागतात.

---

पानबारा

@ओळंबा, छान. म्हणजे 'ओळंबा' हा शब्दही 'ओळी'वरूनच आला असणार.

---

अर्थछटा

@पानबारा, नाही. ओळंबा हा 'अवलंब'पासून आहे, लटकणारा या अर्थी. ओळ आडवी, ओळंबा उभा. 'ओ'पुरतंच साम्य आहे.

---

अप_फास्ट

रेल्वेत 'लाइन'चे किमान चार थर आहेत आणि प्रवासी, वर्तमानपत्रं व कर्मचारी ते वेगवेगळे वापरतात.

पहिला, मार्ग या अर्थी : वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर, ट्रान्स-हार्बर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली ती आजची सेंट्रल. यातच 'मेन लाइन' येते. ती सीएसएमटीहून कल्याणपर्यंत, पुढे कसारा आणि कर्जत अशा दोन फाट्यांवर. हार्बरपासून वेगळी सांगायला 'मेन' म्हणतात. पण यार्डात 'मेन लाइन' म्हणजे स्टेशनातून सरळ जाणारा रूळमार्ग, आणि त्याच्या शेजारी दोन्ही टोकांना जोडलेली ती 'लूप लाइन'. तेव्हा 'गाडी मेन लाइनवर आहे' हे प्रवाशाने म्हटलं तर एक अर्थ, स्टेशनमास्तरने म्हटलं तर दुसरा.

दुसरा थर, रुळांची जोडी या अर्थी. एक लाइन म्हणजे दोन रूळ, मधलं अंतर १६७६ मिलिमीटर. 'अप' मुंबईच्या टर्मिनसकडे, 'डाउन' बाहेर. सीएसएमटी-कल्याणच्या धीम्या आणि जलद मिळून चार लाइनी. पाचव्या-सहाव्या लाइनीचा ठाणे-दिवा तुकडा फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. ज्यांना रविवारी मेगाब्लॉकची सूचना वाचून अर्थ लागत नाही त्यांच्यासाठी : 'माटुंगा ते मुलुंड अप-डाउन जलद मार्गावर ब्लॉक' असं लिहिलं असेल तर जलद गाड्या बंद नसतात. त्या माटुंग्याजवळ क्रॉसओव्हरवरून धीम्या लाइनवर घेतात आणि पुढे मुलुंडजवळ परत जलदवर सोडतात. ब्लॉकची टोकं नेहमी अशाच जागी येतात जिथून लाइन बदलता येते. धीम्या लाइनवर पुढे धीमी गाडी असते, तिच्या मागून जावं लागतं, म्हणून उशीर.

तिसरा, यार्डातल्या लाइनी. 'पिट लाइन'ला रुळांच्या मध्ये खड्डा असतो, माणूस खाली उतरून गाडीची खालची बाजू तपासतो. 'स्टेबलिंग लाइन'वर गाडी नुसती उभी करून ठेवतात. एकीकडूनच जोडलेली ती 'साइडिंग', तिला लूप म्हणू नये.

चौथा, डोक्यावरची लाइन. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हीटीहून (आजच्या सीएसएमटीहून) कुर्ल्यापर्यंत हार्बरवर पहिली विजेची गाडी धावली, तेव्हा १५०० व्होल्ट डीसी होतं. आता सगळीकडे २५,००० व्होल्ट एसी आहे. हार्बरवरचा बदल सर्वांत शेवटी, २०१६ मध्ये झाला. हा फरक फार महत्त्वाचा आहे : २५,००० व्होल्टच्या तारेला हात लागावाच लागत नाही, जवळ गेलं तरी हवेतून ठिणगी उडते. टपावर चढणं किंवा पुलावरून काठी, छत्री, ओला दोर खाली सोडणं म्हणूनच जिवावर बेततं. दोन मीटरच्या आत कुठलीही वस्तू नेऊ नये.

आणि एक वाक्प्रचार. 'साहेब गेले, लाइन क्लिअर' असं ऑफिसात म्हणतात ते मूळचं आमच्याकडचं. एका स्टेशनातून गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाकडे 'लाइन क्लिअर' मागतात. मधला तुकडा मोकळा आहे आणि पुढच्या स्टेशनाने परवानगी दिली, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. पूर्वी एकेरी मार्गावर याचा पुरावा म्हणून यंत्रातून निघणारा लोखंडी गोळा वेताच्या कडीच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हातात देत. मुंबईच्या लोकलवर मात्र स्वयंचलित सिग्नल आहेत, तिथे प्रत्येक गाडीला स्टेशनाकडून लाइन क्लिअर लागत नाही. म्हणून तर एकामागे एक तीन-तीन मिनिटांनी गाड्या जाऊ शकतात.

---

अर्थछटा

@अप_फास्ट, 'लाइन क्लिअर' मधला परवानगीचा भाग बोलण्यातही टिकून आहे, हे आता लक्षात आलं. 'रस्ता मोकळा' म्हटलं तर फक्त अडथळा नाही, पण 'लाइन क्लिअर' म्हणजे आता निघ.

---

टेस्टर

वायरमनची लाइन म्हणजे फेज. 'लाइन आहे का बघ' म्हणजे त्या वायरीत जिवंत वीज आहे का ते टेस्टर लावून बघ. 'लाइन' आणि 'लाइट' वेगळे : 'लाइट गेली' म्हणजे घरातली वीज गेली, 'लाइन गेली' म्हणजे बहुतेकदा तीनपैकी एक फेज गेली, शेजारच्या घरात वीज असू शकते. फेज आणि न्यूट्रल (वीज परत जाण्याची वायर) यांच्यात २३० व्होल्ट. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट, याला 'लाइन टू लाइन' म्हणतात.

बोर्डावर समोरून पाहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे लाइन, डावीकडे न्यूट्रल. जुन्या घरांत लाल लाइन, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. यंत्राच्या कॉर्डमध्ये तपकिरी लाइन, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. पण रंगावर कधीच विसंबू नये, आधीच्या माणसाने हाताला लागली ती वायर ओढलेली असते.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे बटण लाइनमध्ये न घालता न्यूट्रलमध्ये घालणं. दिवा लागतो, विझतो, सगळं ठीक दिसतं. पण बटण बंद असतानाही होल्डरपर्यंत लाइन आलेलीच असते. बल्ब बदलायला गेलेल्या माणसाला शॉक बसतो. ओळखायची खूण : बटण बंद करून होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावा, कुठेही तो लागता कामा नये. एलईडी दिवा बंद केल्यावरही मंद जळत राहिला तर हीच शंका आधी घ्यावी. अर्थात बटणात छोटा इंडिकेटर असेल तरी तसंच होतं, म्हणून टेस्टरने खात्री करावी.

टेस्टर न लागणं म्हणजे लाइन नाही, असंही समजू नका. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं की टेस्टर कधी कधी पेटत नाही. आधी चालू असलेल्या बोर्डावर टेस्टर तपासायचा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू बोर्डावर.

---

वेलांटी

मी मुद्दाम 'लाईन' लिहितो/लिहिते असं सांगणारे खूप आहेत, म्हणून लेखनाबद्दल. मराठीत शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ लिहितात : जमीन, वकील, फूल. त्या सवयीने 'लाईन'. उच्चार ऐकून लिहिणारे 'लाइन'. परक्या शब्दाला आपला नियम लावायचा की उच्चार पाळायचा, यावर दोन्ही बाजूंना जागा आहे. पण दीर्घ लिहिणाऱ्यांनी नियम पुरता पाळावा. 'जमीन'चं 'जमिनीत' होतं, तसं 'लाईन'चं 'लाइनीत' होईल, 'लाईनीत' नाही. छापलेल्या फलकांवर नेमकी हीच चूक दिसते.

लिंगाचं म्हणाल तर लाइन स्त्रीलिंगीच. ओळ, रांग, रेघ, रेषा, दोरी या सगळ्या तिच्या जागी येणाऱ्या मराठी शब्दांनी ते ठरवून टाकलं. तिच्यासाठी नंतर घडवलेले 'वाहिनी' आणि 'मार्गिका' हे शब्दही स्त्रीलिंगीच निघाले.

---

पानबारा

मरीन लाइन्सचं राहिलं. स्टेशनचं नाव असल्यामुळे तिथल्या 'लाइन्स' म्हणजे रूळ असं पुष्कळांना वाटतं. ते तसं नाही. लष्करी छावणीत तंबू किंवा बराकी ओळींनी असत, त्या वस्तीलाच 'लाइन्स' म्हणत. एकोणिसाव्या शतकात इथे मरीन बटालियनची वस्ती होती, तिच्यावरून हे नाव. नागपूरचं सिव्हिल लाइन्स त्याच पद्धतीचं, फक्त मुलकी अधिकाऱ्यांचं. आपल्याकडची 'पोलीस लाइन' हाही याच घरातला अर्थ. वस्त्यांमध्ये पत्ता सांगताना 'तिसऱ्या लाइनीत, नळाच्या बाजूला' म्हणतात, तोही. इथे लाइन म्हणजे घरांची ओळ, आणि ती राहण्याची जागा आहे, उभं राहण्याची नाही.

वर्तमानपत्रातल्या लाइनी थोडक्यात. बायलाइन म्हणजे बातमीवर बातमीदाराचं नाव. डेटलाइन म्हणजे बातमीच्या सुरुवातीला गाव आणि तारीख, गाव तिथलंच द्यायचं जिथून बातमी दिली. डेडलाइनचा उगम भयंकर आहे : अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक रेषा होती, ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत. छापखान्यात तो शब्द नंतर आला.

---

डाउनटेक

प्लंबिंगची लाइन. मुंबईच्या इमारतीत पाण्याच्या तीन लाइनी ओळखता आल्या पाहिजेत. महापालिकेची लाइन रस्त्यावरून मीटरमधून खालच्या टाकीत. 'रायझिंग' खालच्या टाकीतून पंपाने गच्चीवरच्या टाकीत. 'डाउनटेक' गच्चीवरून प्रत्येक मजल्यावर खाली. 'लाइनचं पाणी' म्हणतात ते पहिल्या लाइनचं, ठरलेल्या वेळेला येणारं. त्या लाइनला थेट पंप लावायला मनाई आहे आणि त्याचं कारण फक्त शेजाऱ्याचं पाणी पळवणं एवढंच नाही. पंप ओढू लागला की पाइपात दाब उणा होतो. जिथे पाइप गळका असेल तिथून पाणी बाहेर जायच्या ऐवजी बाहेरचं गटाराचं पाणी आत खेचलं जातं. सगळ्या वाडीला जुलाब होतात ते असे.

डाउनटेक पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली की वरच्या मजल्यांवर पाणी येत नाही, नळातून नुसती फुसफुस. याला 'लाइनमध्ये हवा धरली' म्हणतात. सर्वांत वरच्या मजल्याचे नळ पूर्ण उघडे ठेवून टाकीचा व्हॉल्व्ह हळूहळू सोडायचा. एकदम सोडला तर हवा मध्येच कोंडते. वारंवार होत असेल तर डाउनटेकच्या तोंडाशी हवेचा पाइप आहे का बघा. त्याचं वरचं टोक टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर हवं.

सांडपाण्याच्या दोन लाइनी : संडासाची 'सॉइल लाइन' आणि न्हाणी-मोरीची 'वेस्ट लाइन'. आडव्या ४ इंची पाइपाला दर फुटाला पाव इंच ढाळ, म्हणजे १० फुटांना अडीच इंच. कमी दिला तर गाळ बसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. फार जास्त दिला तर पाणी पुढे पळतं आणि घट्ट मैला मागे राहतो, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. वेस्ट लाइन चेंबरला (जमिनीतल्या झाकणाच्या खड्ड्याला) जोडण्याआधी गली ट्रॅप हवा, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग. तो वाचवला की घाण वास आणि झुरळं थेट मोरीत.

'लाइन चोकअप झाली' असा फोन आला की आधी एवढंच विचारावं : एकाच घरात की खालच्यांकडेही? एकाच मोरीत पाणी तुंबलं तर दोष न्हाणी ट्रॅपमध्ये (मोरीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये), जाळी काढून केस-साबणाचा गोळा काढला की झालं. तळमजल्याच्या मोरीतून पाणी उलटं वर येत असेल तर खालची मुख्य लाइन किंवा चेंबर तुंबलेलं आहे, वरच्या मजल्यावर कितीही सळई घातली तरी उपयोग नाही. बंद घरात वास येतो तो बहुतेकदा चोकअपचा नसतो. ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं, बादलीभर पाणी ओतलं की वास थांबतो.

---

निदानरेषा

मैदानावर खरा प्रश्न एकच : लाइन कोणाची? पाय किंवा चेंडू बरोबर रेषेवर पडला तर तो आत की बाहेर? प्रत्येक खेळाचं उत्तर वेगळं, आणि गल्लीतली अर्धी भांडणं एका खेळाचा नियम दुसऱ्याला लावल्यामुळे होतात.

क्रिकेटमध्ये लाइन फलंदाजाची नाही. धावचीत किंवा यष्टिचीत होताना बॅट किंवा पाय रेषेच्या पलीकडे आत टेकलेला हवा, रेषेवर असला तर बाद. गोलंदाजालाही तसंच : पुढच्या पायाचा काही भाग तरी पॉपिंग क्रीजच्या (यष्ट्यांपुढच्या आडव्या रेषेच्या) मागे उतरला पाहिजे, तो जमिनीला टेकला पाहिजे असं नाही, टाच हवेत मागे असली तरी चालते. मागच्या पायाने बाजूच्या रिटर्न क्रीजला स्पर्शही करायचा नाही. टेनिसमध्ये उलटं, चेंडूने रेषेला नुसता स्पर्श केला तरी आत. फुटबॉलमध्ये पूर्ण चेंडू पूर्ण रेषेच्या पलीकडे गेल्याशिवाय गोल नाही.

कबड्डीत रेषा मैदानाचा भाग धरतात. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर, तिच्या पुढे १ मीटरवर बोनस रेषा. कुणाला न शिवता परतायचं तर चढाईत निदानरेषा ओलांडावीच लागते, नाहीतर चढाई करणाराच बाद. बोनसचा गुण समोर किमान सहा जण असतील तरच, आणि पुढचा पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकताना मागचा पाय हवेत हवा. मुलं इथेच चुकतात, पुढचा पाय बरोबर पडतो पण मागचा उचललेला नसतो. लाल मातीतल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी 'रेषा' असते, पण 'बोनस लाइन' सगळेच म्हणतात.

'लाइन आणि लेंथ' मधली लाइन मात्र आखलेली नसतेच. ती चेंडूची डावी-उजवी दिशा, लेंथ म्हणजे टप्पा किती लांब. 'चौथ्या स्टंपची लाइन' हा चौथा स्टंप तर अस्तित्वातच नाही, ऑफ स्टंपच्या बाहेर कल्पनेने उभा केलेला. तिथे फलंदाजाला सोडावा की खेळावा ते कळत नाही, म्हणून ती लाइन 'धरून' ठेवतात.

---

पानबारा

@अर्थछटा, एक शंका. गॅरेजमध्ये 'ब्रेक लायनर' म्हणतात, मुली 'आयलायनर' म्हणतात, आणि बंदरात 'लायनर' जहाज. तिन्ही लाइनवरूनच?

---

अर्थछटा

@पानबारा, तिन्ही शेवटी जवसापर्यंत पोचतात, पण वाटा वेगळ्या. डोळ्याचं लायनर रेघ काढतं म्हणून. जहाज 'लायनर' कारण ते ठरलेल्या मार्गावर, म्हणजे लाइनवर, वेळापत्रकाने फिरतं, एअरलाइनही तशीच. ब्रेकचं लायनर मात्र तिसरंच. पूर्वी कपड्याला आतून लिननचं अस्तर लावत, त्यावरून 'आतून थर देणं' याला लाइन करणं म्हणू लागले. शिंप्याचं 'लायनिंग', ब्रेक शूवरचा घासला जाणारा थर, सिलेंडरचा लायनर या सगळ्या अस्तराच्या लाइनी आहेत, रेघेच्या नाहीत. म्हणून 'ए-लाइन कुर्त्याला लायनिंग लावा' या वाक्यात पहिली लाइन आकाराची बाह्यरेषा आणि दुसरी अस्तर.

---

वेलांटी

एक उपयोगाची गोष्ट. बोलताना क्रियापद आणि प्रसंग अर्थ सांगतात, पण सूचनाफलकावर प्रसंग नसतो. 'उद्या लाइनचे काम असल्याने गैरसोय होईल' अशी सूचना लिफ्टपाशी लावली तर कोण काय समजेल? लेखी मजकुरात लाइन मोडून लिहावी : पाण्याची असेल तर जलवाहिनी किंवा सरळ पाण्याचा पाइप, मैल्याची मलवाहिनी, माणसांची रांग, रुळांची मार्गिका, अक्षरांची ओळ, आखलेली ती रेषा. गणपतीत 'नवसाची रांग' आणि 'मुखदर्शनाची रांग' असे वेगळे फलक असतात ते किती नेमके आहेत बघा. लोक बोलताना दोन्हीला लाइनच म्हणतात, पण फलकावर कुठली हे स्पष्ट असतं, म्हणून तासन्‌तास चुकीच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

सोसायटीसाठी नमुना : 'गुरुवारी सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत बी विंगमधील पाण्याच्या डाउनटेक पाइपची दुरुस्ती होईल. नळाला पाणी येणार नाही. वीज आणि लिफ्ट चालू राहतील.'

---

डाउनटेक

@वेलांटी, नमुना चांगला आहे, त्यात दोन भर घाला. बऱ्याच इमारतींत स्वयंपाकघराची आणि संडास-बाथरूमची डाउनटेक वेगळी असते, तेव्हा कुठली बंद ते लिहा. आणि खाली एक ओळ हवीच : 'घरातील सर्व नळ बंद असल्याची खात्री करावी.' पाणी नाही म्हणून लोक नळ उघडा ठेवून कामाला जातात, आणि दोन वाजता पाइप भरला की घरात पाणी होतं.